साहेबांची लपाछपी

१२ जानेवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस, दार उघडत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्राचं एक बरं असतं, तुझ्यासारखं ते मधेच उठून जात नाही. फार तर फाडशील. फाड. मी दुसरं लिहीन.

त्या दिवशी तुझ्याकडे जेवता जेवता मी नव्या कामाचं सांगितलं आणि तू माझ्यापुढचं ताट उचलून नेलंस. हातातला घास हातातच राहिला. साठी उलटलेल्या माणसाचं ताट कोणी उचलतं का गं? तुझी भावजय म्हणते, बरंच झालं, तेवढीच ढेरी कमी होईल. तिला काय जातंय चेष्टा करायला.

मी काय गुन्हा केला ते नीट ऐकून तरी घे. चित्रपट साहेबांवर आहे. 'साहेब' म्हटलेलं तुला चालायचं नाही. बरं, 'त्याच्यावर' आहे. आपल्या घरात त्याचं नाव कधी कोणी घेतलंच नाही, नुसतं 'तो' म्हटलं की पोराटोरांनाही कळायचं. त्याच्या सभा, फौजा, भाषणं असलं काही ह्यात नाही. फक्त घर. सकाळी तो कसा उठायचा, बायकोशी काय बोलायचा, नातीशी काय खेळायचा, एवढंच. दिग्दर्शिका बाई पस्तिशीची असेल. तिने बोलावलं तेव्हा मला वाटलं त्याच्या खानसाम्याचं काम असणार. मला दुसरं कोण काय देणार? मी जन्मभर रंगमंचावर पाय घसरून पडलो, बायकोच्या हातचं लाटणं खाल्लं आणि टीव्हीवर ढेरीमामा झालो. अजून रस्त्यात पोरं 'ढेरीमामा, भुवई उडवा' म्हणून ओरडतात आणि मी उडवतो. आणि ती तर म्हणाली, 'त्याचंच' काम करा. गंभीर काम आजवर मला कोणी विचारलं नव्हतं ताई. हाव सुटली. झालं, सांगून टाकलं.

पण तू जे बोललीस ते काही डोक्यातून जात नाही. "तू ज्याला हात लावशील तो लोकांना आवडायला लागतो. उद्या त्याच्यावरसुद्धा माया करतील. ह्यांना काय वाटेल?" भावोजी जाऊन दोन वर्षं झाली, तरी तू 'काय वाटेल' म्हणतेस. वर्गाच्या भिंतीवर जुना नकाशा राहून गेला, त्यात नदीला नव्याने दिलेलं 'त्याचं' नाव नव्हतं, एवढ्यावरून भूगोलाच्या मास्तरांना भर वर्गातून उचललं. परत सोडलं तेव्हा उजव्या हातात खडू धरवत नव्हता. हे मला माहीत नाही असं वाटतं का तुला? त्यांना शर्टाची बटणं लावून देताना मी तुला पाहिलंय.

लोकांनी त्याच्यावर माया केली तर माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही, असं तू म्हणालीस. कबूल. नाही करणार लोक. बघच तू.

चिमण्या


३ फेब्रुवारी

ताई,

तुझी लेक सांगत होती, माझं पत्र फ्रीजवर पडलंय, विजेच्या बिलाखाली, न उघडलेलं. केराच्या टोपलीत नाही ना? मी ह्याला प्रगती समजतो.

शूटिंग शहराबाहेरच्या एका बंगल्यात चाललंय. जेवणघर, त्याची अभ्यासिका, नातीची खोली, आणि मधल्या दिवाणखान्यात छतापासून जमिनीपर्यंत जाड हिरवे पडदे. धूळ इतकी की शिंकून शिंकून जीव जातो, आणि शिंकायची तर सोय नाही, कारण मिशी. ती मिशी केस केस करून चिकटवतात. तोवर बोलायचं नाही, खायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. मला! तुझी भावजय म्हणाली, ही मिशी घरी आणता येते का बघा.

पहिल्या दिवशी तयार होऊन जेवणघरात गेलो. सगळी मंडळी बसून चहा पीत होती. त्यात दिवेवाले काका आहेत, माझ्याच वयाचे. मी दारात दिसलो मात्र, हा माणूस ताडकन उठून उभा. चहा सगळा विजारीवर. त्याचे हात दोन्ही बाजूंना ताठ. बाकीची पोरं खिदळायला लागली. काका हसले नाहीत. नंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मामा, माफ करा हं. पाय आपोआप उठले. त्याची सत्ता जाऊन इतकी वर्षं झाली, पण पायांना कोण सांगणार?"

बाईने ते ऐकलं आणि तिथल्या तिथे नियम करून टाकला. मामा मिशीत असताना कोणी उभं राहायचं नाही. उभे असाल तर खाली बसा. आता मी खोलीत शिरलो की सगळे धपाधप बसतात. कोणी वायरींवर, कोणी खोक्यावर, एक पोरगा तर शिडीवरच बसला. तुझ्या भावजयीला हे सांगितलं तर म्हणते, "घरी तरी कोण उठतंय तुम्हाला बघून?"

मी अगदी मजेत आहे. जेवण झकास असतं. झोप तेवढी लागत नाही, पण ते वयामुळे असेल.

चिमण्या


१९ फेब्रुवारी

ताई,

घोळ झालाय. तूच खरी ठरतेस की काय अशी भीती वाटतेय, आणि हे तुला सांगतोय मी, म्हणजे बघ माझी काय अवस्था असेल.

नातीचं काम करणारी पोर पाच वर्षांची आहे. सारखी गोल गोल फिरत असते म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. काल न्याहारीचा प्रसंग होता. मी वर्तमानपत्र वाचतोय, तिने म्हणायचं, 'आजोबा, मिशीला दूध लागलंय.' बस, एवढंच एक वाक्य. कॅमेरा सुरू झाला आणि पोर गप्प. विसरली. डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली, आता रडणार अशी. तुला माहीत आहे, नाटकात समोरचा विसरला की आमची जीभ, हात, जे काय हलेल ते आपोआप हलतं. चाळीस वर्षांची खोड. मी सरळ मिशी दुधाच्या पेल्यात बुडवली, वर केली आणि ढेरीमामाची भुवई उडवली. पोर खदाखदा हसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही मांजर!"

सगळे हसले. कॅमेरावाल्याचे खांदे हलत होते. बाई तोंडात ओढणी कोंबून हसत होती, आणि 'कट' झाल्यावर ओरडली, "हे ठेवायचं! असंच ठेवायचं!" मीही हसलो, खोटं का बोलू? आणि मग दिवेवाले काका दिसले. डोळे पुसत होते हसून हसून. मला बघून ज्याचे पाय उठले होते तोच माणूस, मायेने हसत होता. कोणावर? मिशी तर 'त्याची' होती.

मी बाईला गाठलं. म्हटलं, हे काढून टाक.

"का? वाईट झालंय?"

"चांगलं झालंय. तेच वाईट आहे."

ती म्हणाली, "मामा, माझी आजी रोज सकाळी त्याचा फोटो पुसायची. देवाआधी. नुसत्या भीतीवर टिकला का तो इतकी वर्षं? लोकांना आवडायचाच तो. हे नाही दाखवलं तर आपण खोटं दाखवू."

मी म्हटलं, तुझी आजी फोटो पुसत होती तेव्हा माझी बहीण तुरुंगाच्या दारात डबा घेऊन उभी होती. तो डबा दाखवणार आहेस का? ती म्हणाली, "हा चित्रपट घराबाहेर जात नाही मामा. जे काय दाखवायचं ते आपल्याला घरातच दाखवावं लागेल." मला काही सुचलं नाही. सुचलं नाही की मी चिडतो, तुला माहीत आहे. मिशी ओढून काढली आणि 'मी चाललो' म्हणालो. अर्धीच निघाली. उरलेली अर्धी घेऊन, ओठ सुजवून, बसमधून घरी आलो. तुझ्या भावजयीने दार उघडलं आणि चौकटीला धरून खाली बसली हसत.

चहा झाल्यावर तिने विचारलं, "मग आता ती भुवई एकटीच राहणार का त्या चित्रपटात?" मी म्हटलं, म्हणजे? ती म्हणाली, "तुम्ही काम सोडलंत तरी ते चित्र घेऊन झालंय ना? लोक तेवढंच बघतील आणि घरी जातील."

ही चेष्टा सोडून क्वचित बोलते, पण बोलते ते वर्मावर. उद्या परत जातोय. काय करणार ते माहीत नाही. तू एक शिवी तरी लिहून पाठव गं, हात मोकळा कर.

चिमण्या


७ मार्च

ताई,

आधी हे सांगतो की माझा जीव भांड्यात पडलाय. आता कसा ते ऐक.

त्या घरात एक रीत होती. बाईने तिथे राहिलेल्या नोकरमाणसांना भेटून ती शोधून काढली. त्याला नातीबरोबर लपाछपी खेळायला फार आवडायचं. पण तो लपायला लागला की घरातल्या प्रत्येकाने, पहारेकऱ्यापासून खानसाम्यापर्यंत, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. साहेब कुठे आहेत हे कोणाला माहीत असता कामा नये. खेळात सुद्धा. आहे की नाही गंमत? पोर एकटीच घरभर धावतेय आणि मोठी मोठी माणसं भिंतींना नाकं लावून उभी.

तर प्रसंग असा. मी हिरव्या पडद्यामागे. पोर शोधून शोधून कंटाळते आणि तिला सांभाळणाऱ्या दाईचा पदर ओढते, "सांग ना, आजोबा कुठेत?" दाई भिंतीकडेच तोंड करून असते, पण पोर रडवेली झाली म्हणून तिची नजर जरा, अगदी जराशी, पडद्याकडे जाते. पोर धावत येऊन मला पकडते. कागदावर पुढे असं होतं की मी बाहेर येऊन दाईवर ओरडतो, हात उगारतो वगैरे.

मी बाईला म्हटलं, ओरडायचं नाही. ओरडलो की लोकांचं काम सोपं होईल. म्हणतील, बघा, शेवटी राक्षसच निघाला, आणि सुटतील बिचारे. तिने विचारलं, मग काय करणार? मी म्हटलं, आधी कॅमेरा लाव.

पोरीने मला पकडलं. मी 'आउट झालो, आउट झालो' म्हणत बाहेर आलो, तिला उचललं, गालाचा पापा घेतला. आणि तिच्या डोक्यावरून दाईकडे बघून भुवई उडवली. तीच. न्याहारीची. ढेरीमामाची.

कोणी हसलं नाही, ताई. चाळीस वर्षांत ह्या भुवईवर कोणी हसलं नाही असं कधी झालेलं नाही. दाईचं काम करणारी नटी चांगली मुरलेली आहे, तिला सगळं आधी सांगितलेलं होतं, तरी तिच्या हातातली बाहुली खाली पडली. खरोखर पडली. फक्त भिंगरी हसत होती आणि टाळ्या पिटत होती.

लगेच दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा प्रसंग घेतला. न्याहारीचंच टेबल, तोच दुधाचा पेला. पोरीचे केस विंचरायला आता वेगळी दाई. पोरीने विचारायचं, "कालची कुठे गेली?" आणि मी न बोलता पावाला लोणी लावत राहायचं, असं ठरलं होतं. मी लोणी लावलं, पाव पोरीला दिला, आणि अगदी लाडात म्हणालो,

"लपली असेल."

कसं सुचलं मला माहीत नाही. सुचलं ह्याचीच भीती वाटतेय अजून. बाई 'कट' म्हणायलाच विसरली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी 'वा मामा' म्हणालं नाही. जेवणाची सुट्टी झाली तर सगळे आपापली ताटं घेऊन लांब लांब बसले. मी काकांच्या शेजारी जाऊन टेकलो तर ते सरकले आणि म्हणाले, "मामा, राग मानू नका, आधी ती मिशी काढून या. मग बसू जेवायला."

आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! रंगभूषेच्या खोलीत जाऊन मिशी काढता काढता ढसाढसा रडलो. मिशी चिकटवणारी पोरगी बिचारी घाबरली, तिला वाटलं मिशी फार ओढली गेली. मिशी काढून परत आलो तेव्हा काकांनी स्वतःच्या ताटातलं मला वाढलं.

तुझी लेक म्हणाली, फ्रीजवर आता एकच पत्र आहे. बाकीची कुठे गेली?

चिमण्या


२८ ऑगस्ट

ताई,

काल चित्रपट पहिल्यांदा लोकांना दाखवला, निमंत्रितांना. मी मागच्या रांगेत बसलो होतो, दारालगत, म्हणजे पळायला बरं. न्याहारीला सगळे हसले. लपाछपीलाही हसायला लागले, भिंतीला नाकं लावलेली माणसं बघून. मग दाईकडे बघून भुवई उडाली, आणि हसू असं थांबलं की एका बाईचं एकटीचंच मागे उरलं, तिने तोंडावर हात घेतला. 'लपली असेल'ला तर माझ्या शेजारच्या माणसाने श्वास घेतलेला मला ऐकू आला. मी मनात म्हटलं, ताई, जिंकलो आपण.

आणि मग लिफ्ट. माझ्याबरोबर एक गृहस्थ होते, चांगले शिकलेसवरलेले दिसत होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "फार सुंदर केलंत. साहेब घरी किती गोड होते हो! हे कोणी कधी सांगितलंच नाही आम्हाला."

चार मजले खाली येईतो त्यांनी हात सोडला नाही. मी विचारलं, "आणि ती दाई?" ते म्हणाले, "कुठली दाई?"

घरी येऊन जेवलो नाही. तुझी भावजय म्हणते, हॉलभर माणसं एकीकडे आणि लिफ्टमधला एक माणूस एकीकडे, तुम्हाला तोच बरा दिसतो. पण असे किती असतील? तूच म्हणाली होतीस ना. पुढच्या शुक्रवारी चित्रपट सगळीकडे लागतोय. तुला तिकीट पाठवलेलं नाही, पाठवायची छातीच झाली नाही. तू बघितला नाहीस तरी चालेल. नुसतं एवढं सांग की मी यायचं की नाही यायचं. पत्रं लिहून लिहून बोटं दुखली माझी.

चिमण्या


१४ सप्टेंबर

चिमण्या,

बोटं दुखली म्हणे. नाटकी.

तुझी सगळी पत्रं वाचली. पहिलं तर आलं त्याच दिवशी वाचलं आणि परत चिकटवून फ्रीजवर ठेवलं, कारण आमच्या कन्येला चोंबडेपणाची सवय आहे आणि ती तुला जाऊन सांगणार हे मला माहीत होतं. जरा तडफडू दे म्हटलं.

शुक्रवारीच गेले होते, दुपारच्या खेळाला, एकटी. न्याहारीला सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्या पेल्यात मिशी बुडवलीस तेव्हा तू सहा वर्षांचा दिसलास मला. हसले आणि तुझा इतका राग आला की उठूनच जाणार होते. पिशवी खांद्याला लावली होती. पण शेजारी एक कॉलेजची पोरगी पाय लांब करून बसली होती, तिला ओलांडावं लागलं असतं, म्हणून थांबले. बरं झालं थांबले. ती पोरगी लाह्या खात होती सारखी कुरुमकुरुम. दाई दिसेनाशी झाल्यावर तिने ती लाह्यांची पिशवी मांडीवर ठेवली आणि शेवटपर्यंत हात लावला नाही.

तुझ्या लिफ्टवाल्याचं सोड. असे तेव्हाही होते. त्यांना 'तो' गोड वाटायला तुझी गरज पडली नव्हती.

आता तुला एक सांगते, नीट वाच. हे सुटून आले तेव्हा बरेच महिने काही बोलले नाहीत. मग एकदा माझ्याबरोबर शेंगा सोलत बसले होते डाव्या हाताने, आणि सांगायला लागले. तिथला जो अधिकारी होता तो काम करता करता मधेच हात पुसायचा आणि घरी फोन लावायचा. त्याच्या मुलीला ताप होता. 'औषध घेतलंस का गं राणी? आईला त्रास देऊ नकोस हं.' हे म्हणाले, आवाजात खरी काळजी असायची. ढोंग नव्हतं. फोन ठेवायचा आणि परत ह्यांच्याकडे यायचा.

हाताबद्दल ते कधी कोणाशी बोलले नाहीत. पण हा फोन त्यांनी खूप जणांना सांगून बघितला. कोणी ऐकूनच घ्यायचं नाही. हेडमास्तर तर चिडले होते ह्यांच्यावर. म्हणाले, "मास्तर, तुम्ही काय त्याची बाजू घेता? असली माणसं माणसं नसतात, जनावरं असतात." हे म्हणाले, "जनावर असता तर मी विसरलो असतो हो." त्यानंतर त्यांनी तो विषय काढणं सोडलं. ते गेल्यावर मला वाटायचं, आता हे माझ्या एकटीच्याच डोक्यात राहिलंय आणि मला काही ते कोणाला सांगता येत नाही. मी सांगायला लागले की रडायला येतं, मग लोक पाणी आणून देतात.

तू पावाला लोणी लावलंस आणि तसं बोललास, तेव्हा मी त्या अंधारात मोठ्याने म्हणाले, "हेच. हेच सांगत होते हे." पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून बघितलं. बघू दे. छातीवरचं ओझं कोणी उतरवून घ्यावं तसं झालं रे. आता मला सांगत बसायला नको. तिकीट काढून देता येईल.

तर रविवारी ये, बायकोला घेऊन ये, आणि ती भुवई घरी ठेवून ये, मला आता ती बघवणार नाही थोडे दिवस.

उद्या मात्र मी घरी नाही. ह्यांच्या शाळेतले जुने मास्तर जे कोणी उरलेत त्या सगळ्यांना घेऊन चालले आहे चित्रपटाला. हेडमास्तरही येतायत, काठी टेकत. त्यांना मी मधल्या खुर्चीवर बसवणार आहे, म्हणजे मधेच उठून जाता येणार नाही.

ताई